निखाऱ्यावरच्या कैऱ्या

माझ्या धाकट्या जावेने ठाण्याला गच्चीवाला फ्लॅट घेतला तेव्हा मला काही वाटलं नाही. गाडी घेतली तेव्हाही नाही. खरंच सांगते, मी स्वतः पेढे नेले होते. पण तिने कोळशाच्या शेगडीवर अख्ख्या कैऱ्या भाजून त्यांचं पन्हं केलं, आणि आमच्या सासूबाईंनी त्याचा दुसरा ग्लास मागितला, तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढचे बारा दिवस थांबलं नाही.

पन्हं हा माझा प्रांत होता. पुरणपोळी मला कधी धड जमली नाही, दिवाळीतल्या माझ्या चकल्या मऊ पडतात, हे मी कबूल करते. पण चैत्रात गौर बसली की आमच्या डोंबिवलीच्या घरी हळदीकुंकू असायचं, आणि त्या दिवशी आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि माझं पन्हं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून बत्तीस वर्षं. मी ठाण्याला सरकारी कचेरीत नोकरी करायचे. हळदीकुंकवाच्या दिवशी अर्धी रजा टाकायची, सकाळी एकीकडे डबे भरायचे आणि दुसरीकडे कैऱ्या कुकरला लावायच्या. तीन शिट्ट्या. दुपारी धावतपळत घरी येऊन गर काढायचा, गूळ, मीठ, वेलची, केशराच्या चार काड्या. हे सगळं अंदाजाने, कारण गौरीला नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, हा घरचा नियम. नैवेद्य झाला की पहिलं फुलपात्र सासूबाईंना. त्या सावकाश प्यायच्या, पदराने ओठ टिपायच्या आणि म्हणायच्या, "छान झालंय हो."

एवढंच. पण ते तीन शब्द मला वर्षभर पुरायचे. सासूबाई फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. थोरल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या घरात त्या पहिल्यापासून राहतात. कुणाशी भांडण नाही, कुरकुर नाही. माझ्या मैत्रिणी आपापल्या सासवांच्या तक्रारी सांगायच्या तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नसायचं. मी आपली जरा मिरवायचे.

तर या वर्षी चैत्र लागल्यावर पहिल्या रविवारी जावेने आम्हाला जेवायला बोलावलं. नवीन शेगडी आणली होती म्हणे. गेलो. गच्चीत ती ठेवलेली होती. काळी, गोल, तीन पायांची, वर घुमटासारखं झाकण, एखाद्या मोठ्या मोदकपात्रासारखी. जाऊ एप्रन बांधून उभी होती आणि मला समजावून सांगत होती. निखारे सगळे एका बाजूला सरकवायचे, फळं दुसऱ्या बाजूला. खाली आच नाही, नुसती धग आणि धूर. फळ अख्खंच ठेवायचं, चिरायचं नाही, सालीच्या आत त्याचा रस त्यालाच शिजवतो. झाकण लावून तासभर विसरून जायचं. जाळीवर सात-आठ कैऱ्या होत्या, दोन मोसंबी होती, आणि एक अख्खा अननस, डोक्यावरच्या तुऱ्यासकट.

"अननसाला धुरी?" मी म्हटलं. "बाळंतीण आहे का ती?"

सगळे हसले. जाऊही हसली. तिचं हेच वाईट आहे, तिला राग येत नाही.

"कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्यांत होतात गं," मी पुन्हा म्हटलं.

"हो ना ताई, पण हा स्मोकी वास नाही ना येत कुकरमध्ये."

स्मोकी. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या वेताच्या खुर्चीत बसून झाकणाच्या भोकांतून येणाऱ्या धुराकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय. "आई, आत बसता का?" म्हणून विचारलं. त्यांनी नुसतीच मान हलवली, नको.

तासाभराने कैऱ्या निघाल्या. तपकिरी, सुरकुतलेल्या, बोटाने दाबलं की आत जाणाऱ्या. जावेने त्यांचा गर काढला, तिथल्या तिथे पन्हं केलं आणि काचेच्या ग्लासांत घालून आणलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर जास्त झालीय गं. गूळ नव्हता का घरात?"

आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. मी पदर सावरून बसले. पण सासूबाई पीत राहिल्या. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून त्या काहीही अर्धा कपच घेतात, उरलेलं झाकून ठेवायला सांगतात. त्यांनी तो उंच ग्लास संपवला आणि जावेपुढे धरला.

"अजून थोडं दे."

मग त्यांना बोलायला सुचलं. त्यांची आई अशाच कैऱ्या भाजायची, स्वयंपाक उरकला की चुलीतल्या निखाऱ्यांवर, अख्ख्या, वर राख ओढून. कैरी फुटली की त्यांना आणि त्यांच्या भावाला त्या फुटलेल्या जागी बोट घालून चाटायला मिळायचं. बत्तीस वर्षांत ही कैरीची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. भाऊ झाडावरून पडला होता ते मला माहीत होतं, आईने विहिरीत अंगठी टाकली ते माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

आणि निघताना, चपला घालता घालता, सगळ्यांसमोर त्या मला म्हणाल्या, "या वर्षी गौरीचं पन्हं हिच्याकडूनच येऊ दे. तेवढाच तुझा त्रास वाचेल."

"चालेल की," मी म्हणाले. काय म्हणणार?

घरी येताना गाडीत मी रेडिओ बंद केला. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. त्याने माझी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "कुकरचंही छान असतं की." त्या 'ही'वर तर मी शीळफाटा येईपर्यंत धुमसत राहिले. शेवटी मी मागे वळून विचारलं, "आई, भाजलेल्या कैरीचं तुम्ही कधी बोलला नाहीत मला?"

"राहून गेलं," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

हळदीकुंकू पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होतं. म्हणजे माझ्या हातात बारा दिवस होते. तोवर मला भाजक्या कैरीचं पन्हं जमवायचं होतं. आमच्या गौरीपुढे ठाण्याचं पन्हं ठेवायचं आणि बिल्डिंगमधल्या बायकांना सांगायचं की हे जावेकडून आलंय, ही कल्पनाच मला सहन होईना. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, मला तो पुढे केलेला रिकामा ग्लास दिसायचा.

जावेला फोन करून विचारणं हा सरळ मार्ग होता. तो मी घेतला नाही.

मंडईच्या बाहेर खाडीकडच्या गावातली एक बाई कैऱ्या आणि करवंदं घेऊन बसते. तिची आमची जुनी ओळख. मी कैऱ्या निवडायला लागले तर तिने विचारलं, कशाला पाहिजेत. भाजायला म्हटल्यावर तिने माझ्या हातातल्या कैऱ्या काढून घेतल्या.

"भाजाला ही नको नेऊ गो बाय, ही फुटल. ती ने, जाड सालीची. आन लाकडाचा कोलसा घे, दुसरा नको."

"हो हो, आहे घरात कोळसा," मी म्हटलं.

आणि होताच. आमच्याकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी धूप घालतात. त्यासाठी पूजेच्या सामानाच्या दुकानातून त्या गोल काळ्या वड्या आणतो, काडी लावली की लगेच तडतडत पेटतात. आमच्या घरात कोळसा म्हटलं की तोच. लाकडाचा कोळसा, दुसरा कोळसा, हा बाईचा घोळ मी मनावर घेतला नाही. शेगडीही होती. माळ्यावर माझ्या बाळंतपणातली, लेकीला न्हायला घातल्यावर ओवा-बाळंतशेपेची धुरी द्यायची ती छोटी लोखंडी शेगडी. तीस वर्षांनी ती खाली काढली, घासली, बाल्कनीत ठेवली. तिच्यात धुपाच्या आठ वड्या रचल्या, वर पापड भाजायची जाळी, जाळीवर चार कैऱ्या, आणि त्यांच्यावर जुनं पातेलं उपडं घातलं. आता बघू म्हटलं कोण स्मोकी.

वड्यांनी पेट घेतला तो फटाक्यांच्या माळेसारखा. धूर झाला, पण कसला तरीच, डोळ्यांत जाणारा. खालच्या मजल्यावरच्या काकू वर तोंड करून ओरडल्या, "अहो, काय जळतंय?" "काही नाही, धूप," मी म्हणाले. दहा मिनिटांत साली काळ्याकुट्ट झाल्या. आत गर अर्धा कच्चा होता, तो मी चमच्याने खरवडून काढला. गूळ घातला, साखर नव्हे. मीठ, वेलची. चव घेतली नाही. गौर नव्हती, नैवेद्य नव्हता, तरी सवयीने घेतली नाही. फुलपात्र भरून सासूबाईंच्या खोलीत नेलं.

"भाजून केलंय," मी म्हटलं. "बघा बरं."

त्यांनी घोट घेतला. क्षणभर थांबल्या. मग सगळं फुलपात्र सावकाश संपवलं, पदराने ओठ टिपले.

"छान झालंय हो."

मी तरंगतच स्वयंपाकघरात आले आणि उरलेलं स्वतःला ओतून घेतलं. पहिला घोट घेतला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला. दिवाळीत मुलं ती नागगोळी पेटवतात ना, काळा साप निघतो ती, तिचा वास जर कुणी प्यायला दिला तर तो असा लागेल. घशात राहिला, नाकात राहिला. मी दोनदा चूळ भरली.

आणि मग बेसिनचा कठडा धरून उभी असताना माझ्या ध्यानात आलं की सासूबाईंनी ते अख्खं फुलपात्र संपवलं होतं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता. आणि तेच म्हणाल्या होत्या, जे बत्तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. त्याच आवाजात.

मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले. मला राग आला होता, तो कोणावर ते तेव्हा कळत नव्हतं.

"आई, खरं सांगा. कसं झालं होतं?"

"छान होतं की."

"छान कुठलं! तोंडात धरवत नाही. प्यायलात कशाला तुम्ही ते?"

 त्यांनी हातातली जपाची माळ बाजूला ठेवली.

"आणि माझं कुकरचं? तेही असंच का? आवडत नव्हतं आणि छान छान म्हणत होतात?"

"तसं नाही गं. बरं असायचं. जरा पाणचट असायचं एवढंच."

बत्तीस वर्षांनी हे. मी पलंगाच्या कडेवर बसले. "तिला तर लगेच म्हणालात, साखर जास्त झाली. सगळ्यांसमोर. मला का नाही कधी?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, तो त्यांनी कधीच चढवलेला नाही.

"तिच्याकडे मी दोन तासांसाठी जाते," त्या म्हणाल्या. "इथे मला राहायचंय."

मी उठले. मी कामं शोधत घरभर फिरले. ज्या सासूबाईंच्या गप्प असण्यावर मी इतकी वर्षं मैत्रिणींत मिरवत होते, त्या स्वतःच्या घरात पाहुण्यासारख्या जपून राहत होत्या. जावेचा हेवा मी चुकीच्या गोष्टीसाठी करत होते. तिच्या शेगडीचा, तिच्या धुराचा, तो दुसऱ्यांदा पुढे केलेला ग्लास मनात धरून. हेवा करण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. 'साखर जास्त झालीय गं' ही ती गोष्ट होती, आणि ती ऐकून मी मूर्खासारखी खूश झाले होते.

मग मी जावेला फोन केला. सगळं सांगितलं नाही, धुपाच्या वड्यांचं मात्र सांगितलं, कारण त्याशिवाय पुढे जाता येईना. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. "अहो ताई, त्यांच्यात पेटायला काहीतरी फटाक्यांच्या दारूसारखं घालतात. लाकडी कोळसा आणा, तुमच्या इस्त्रीवाल्याकडे मिळेल. पूर्ण पांढरा होईपर्यंत कैरी ठेवूच नका. आणि नारळाच्या करवंटीचे दोन तुकडे टाका, मस्त वास येतो. मी येऊ का मदतीला?" मी नको म्हटलं. इतक्या चांगल्या माणसावर धड जळताही येत नाही, हा आणखी एक वैताग.

"पन्हं मी आणतेच आहे शुक्रवारी," ती म्हणाली. "आईंनी सांगितलंय ना. या वेळी गूळ घालणार."

"आण," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी शेगडी बिल्डिंगच्या मागच्या आवारात नेली, पाण्याच्या टाकीजवळ. आणि सासूबाईंना हाताला धरून खाली आणलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"मी काय करू इथे?" त्यांनी विचारलं.

"सांगा मला. तुमची आई कसं करायची ते."

"तुला येतंय की."

"मला येत नाही, आई. तुम्हाला माहितेय मला येत नाही."

 मी कोळसे पेटवले, पुठ्ठ्याने वारा घातला. एक कैरी उचलली तशी त्यांची मान किंचित हलली.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही."

"आई."

"अजून राख धरलेली नाही कोळशाने," त्या हळूच म्हणाल्या. "थांब जरा."

मी थांबले. निखारे पांढरे झाल्यावर जाळी ठेवली, करवंटीचे तुकडे टाकले. थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या की पातेलं सारखं उचलून बघू नकोस, धूर पळतो. मग म्हणाल्या, ती कोपऱ्यातली उलट. एक कैरी फुटून रस निखाऱ्यावर पडला, चर्र वाजलं. मी ती बशीत काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही ना, आणि फुटलेल्या जागी बोट घातलं.

संध्याकाळी बायका जमल्या. गौर झोपाळ्यात बसली होती, डाळ झाली होती, हरभऱ्याने ओट्या भरून झाल्या. जाऊ दोन मोठ्या बाटल्या घेऊन वेळेवर आली. मी नैवेद्याला दोन्ही पन्ही ठेवली, माझं आणि तिचं, शेजारी शेजारी. बायकांनी ते पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांना काही सांगावं लागत नाही.

नैवेद्य झाला. मी नेहमीप्रमाणे पहिलं फुलपात्र सासूबाईंना दिलं, माझ्या पन्ह्याचं. जाऊ पटकन दुसरीकडे बघायला लागली.

त्यांनी घोट घेतला. पदर ओठांकडे नेला. "छान..." म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा एक घोट घेतला. पदर खाली सोडला.

"मीठ कमी आहे."

 खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू कुणी माझ्या तोंडात मारलं होतं. सुनेचा सगळ्यांसमोर पाणउतारा, तोही सणाच्या दिवशी, तोही या सासूकडून.

"आणते," मी म्हटलं आणि आत गेले. मिठाचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून जरा वेळ तशीच उभी राहिले. डोळे पुसले. बाहेरून त्यांचा आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आणि वेलची पुढच्या वेळी निम्मीच घाल गं! कैरी लागली पाहिजे."

"बरं!" मी आतून ओरडले.

मीठ घालून, ढवळून मी त्यांना पन्हं पुन्हा भरून दिलं. ते त्यांनी संपवलं. मग जाऊ पुढे झाली आणि तिने आपल्या बाटलीतलं फुलपात्र भरून त्यांच्या हातात दिलं. या वेळी तिने खरंच गूळ घातला होता, रंगही सुरेख आला होता. सासूबाईंनी ते सावकाश संपवलं, पदराने ओठ टिपले आणि घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "छान झालंय हो."

जाऊ इतकी खूश झाली की तिने माझा दंड दाबला. मी तिच्याकडे बघून हसले आणि तिच्या ओटीत आणखी एक मूठ हरभरे घातले.